सांधेवाल्यांचा पासवर्ड

येडशी स्टेशनाबाहेर लिंबाखाली सिमेंटचा बाक आहे. त्यावर बसणारी माणसं आजही एक गोष्ट सांगतात. सांधेवाल्यांचं शेवटी शेवटी डोकं गेलं होतं. स्वतःच पासवर्ड बदलला आणि स्वतःच विसरले. एवढा पक्का माणूस, पण वय झालं की काय राहतंय, असं म्हणून गोष्ट संपते आणि चहा येतो.

ही गोष्ट खोटी आहे. ती पहिल्यांदा मी सांगितली, म्हणून मला माहीत आहे.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ते रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर जाणार हे ज्याच्या हातातला लोखंडी दांडा ठरवतो, तो सांधेवाला. निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली तरी गाव त्यांना त्याच नावानं ओळखायचं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्या बाकावर बसायचो. ते डाव्या टोकाला बसत, कारण तिथून सिग्नल दिसतो. सिग्नलशी आता त्यांचा काही संबंध नव्हता. तरी तो पडला की ते मान हलवत, जणू परवानगी दिली.

त्यांच्या घराच्या कुलपाबद्दल आधी सांगतो. घरी कुणी नसताना बाहेर निघाले की ते कुलूप लावत, पण स्वतः ओढून बघत नसत. रस्त्यानं जो पहिला माणूस येईल त्याला थांबवून म्हणत, "जरा ओढून बघा."

माणूस ओढे.

"लागलंय?"

"लागलंय की."

"नाव?"

गावातलाच माणूस असला तरी त्याला नाव सांगावं लागे. मग ते पुढं निघत. एकदा दारावरून वरात चालली होती, तर त्यांनी नवरदेवाला घोड्यावरून उतरवून कुलूप ओढायला लावलं. पुढं वाजंत्रीवाले होते, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

मी एकदा विचारलं, "स्वतः ओढायला काय होतं?"

"आपला हात आपल्याला फसवतो गुरुजी. लावलं तोच हात ओढणार, तो लागलंयच म्हणणार. दुसऱ्याचा हात पाहिजे."

त्यांच्या सूनबाईंना या प्रकाराची लाज वाटायची. "मामा, लोक हसायलेत," असं त्या म्हणत. सासऱ्यांना त्या मामा म्हणायच्या. मुलगा धाराशिवला नोकरीला होता, सकाळी एसटीनं जायचा आणि दिवस मावळल्यावर यायचा, त्यामुळं घरात दिवसभर ही दोघंच. "हसू दे," मामा म्हणत, "हसणाऱ्यानं बी ओढून बघावं."

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं होतं. त्यांच्या काळी छोट्या लाईनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून एक यंत्र असे. त्यातून लोखंडाचा एक गोळा निघे. तो वेताच्या कड्याला लावून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, आणि एक गोळा बाहेर असला की यंत्र दुसरा सोडत नसे. सांधेवाल्यांच्या लेखी माणसानं लावलेल्या शोधांत याच्यापुढचा शोध अजून लागायचा होता.

"गोळा मागणारा कोण ते बघायचं न्हाय," ते सांगत. "खुद्द साहेब आला तरी तोंडी हुकमावर गोळा द्यायचा न्हाय."

मोबाईल आल्यावर, फोनवर येणारा सहा आकडी नंबर म्हणजे हाच गोळा, हे गावात सगळ्यात आधी त्यांना कळलं. एकदा त्यांना एका ठगाचा फोन आला. बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा. रेल्वेत दोन स्टेशनं फोनवर बोलताना एकमेकांना आधी ठरलेला खासगी नंबर देत, त्याशिवाय पलीकडच्याचं बोलणं खरं धरत नसत. सांधेवाल्यांनी त्या ठगाला त्याचा खासगी नंबर विचारला. त्यानं कुठलातरी सांगितला. "हा चुकला. यादी बघून परत सांगा, मी थांबतो," असं म्हणून ते खरोखर थांबले. चाळीस मिनिटं हे चाललं. शेवटी ठगानंच फोन ठेवला. "नवीन पोरगं दिसतंय," सांधेवाले म्हणाले, "ट्रेनिंग झालेलं न्हाय."

बाकासमोर चहाचं हॉटेल आहे. हॉटेलवाला तिशीतला. गिऱ्हाईक नसलं की तो टेबलाआड फोनवर बंदुकांचा खेळ खेळायचा. एका संध्याकाळी सांधेवाले त्याला म्हणाले, "तुझा पासवर्ड सांगू का?"

"सांगा की काका. बघू तर खरं."

"रामलिंग एक दोन तीन."

हॉटेलवाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गावानं. निम्म्या गावाचा हाच हाय. राहिलेल्यांचा पोराचं नाव आन् एक दोन तीन. देवाला दारावर बसवून तुम्ही झोपणार. देव काय वॉचमन हाय का?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. माझाही तोच होता.

पुढच्याच महिन्यात हॉटेलवाल्याचं खातं गेलं. तीन वर्षं जमवलेल्या बंदुका, सोनेरी जाकीट, सगळं एका दुपारी दुसऱ्याच्या हाती. तो रडकुंडीला आला होता. सांधेवाल्यांनी त्याला समोर बसवून रेल्वेच्या पद्धतीनं चौकशी केली.

"वेळ?"

"दुपारी दोन, सव्वादोन."

"काय झालं?"

"एका हरामखोरानं..."

"विशेषण नको. काय झालं?"

"मेसेज आला, मी खेळाच्या कंपनीतला हाय, फोनवर नंबर येईल तो पाठवा, नवी बंदूक फुकट देतो."

"कुणी दिला नंबर?"

हॉटेलवाला फडक्यानं टेबल पुसायला लागला.

"कुणी दिला?"

"म्या."

"लिही."

त्यांनी त्याला पुड्याच्या कागदावर तीन ओळी लिहायला लावल्या. वेळ, काय झालं, कुणी केलं. खाली सही. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लिहून दिलं की संपलं. आता यावर कुणी बोलायचं न्हाय." आणि खरंच, त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. उलट आठ दिवस बसून त्याला नवं खातं काढून दिलं, लांबलचक पासवर्ड करायला शिकवलं, वर फोनच्या गोळ्याचं दुसरं कुलूप लावून दिलं. मी मात्र त्या आठ दिवसांत हॉटेलवाल्याला दोनदा अडाणी म्हणालो. ऐकू जाईल असं म्हणालो.

सांधेवाल्यांचे पासवर्ड म्हणजे वाक्यं असत. वीजबिलाचं एक, पेन्शनचं एक, प्रत्येक गोष्टीचं वेगळं. ती कुठंही लिहिलेली नव्हती. सकाळी ते फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, आणि प्रत्येक दिव्याच्या खांबाशी एक वाक्य मनात म्हणत. ओठ मिटलेले असत. खांब सात होते. सातव्या खांबाशी जे वाक्य होतं ते खेळाचं.

खेळ म्हणजे रेल्वे चालवायचा खेळ. सूनबाईंनी नवा फोन घेतल्यावर जुना त्यांच्याकडं आला, त्यात त्यांना तो सापडला. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, माल न्यायचा, त्यातून पुढचे रूळ. इतर लोक आधुनिक गाड्या पळवत. यांनी चार वर्षं खपून आपली छोटी लाईन बांधली.

मोठ्या लाईनसाठी ती खरी छोटी लाईन बंद झाली तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. मजूर रूळ उखडत होते आणि हे टोपी घालून तीन दिवस शेजारी उभे होते. कशाला उभे होता असं मी विचारलं, तर म्हणाले, "ड्युटी होती." ड्युटी नव्हती. मी नंतर चौकशी केली.

फोनमध्ये ती लाईन परत उभी राहिली. पाण्याची टाकी जिथं होती तिथं टाकी. वळण जिथं होतं तिथं वळण, गेटाजवळची चिंच सुद्धा. स्टेशनांची नावं त्यांनी एकेक अक्षर शोधून टाईप केली. खेळात वीसेक खेळाडूंचा एक गट होता, त्यात हेही होते. कुठकुठली माणसं, सगळी इंग्रजीत बोलायची. हे फक्त दोन उत्तरं देत, ओके आणि लाईन क्लिअर. तरी ती माणसं त्यांना मान देत, कोळसा पाठवत. त्यांच्याकडं एकच गोष्ट नव्हती. पहिल्या वर्गाचा जुना डबा, तपकिरी, लाकडी झडपांचा. तो खेळात सणासुदीला एखाद्यालाच मिळे. "तो आला की लाईन पुरी झाली," असं ते म्हणत.

मग त्यांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. दोन्ही पाठोपाठ, धाराशिवला. तीन आठवडे फोनकडं बघायचं नाही. आणि खेळात रोज दोनदा हजेरी लावली नाही तर माल साचतो, इंजिनं गंजतात. त्यांनी फोन माझ्या हवाली करायचं ठरवलं. फोन हवाली करणं म्हणजे गोळा हवाली करणं, आणि त्यांनी आयुष्यात तो कुणा बाहेरच्याला दिला नव्हता.

सात दिवस ते मला फलाटाच्या टोकाला नेत होते. ते वाक्य म्हणत, मग मी म्हणायचो, मग ते "परत" म्हणत. आसपास शेळ्या चरत असत. एखादी फार जवळ आली तर ते थांबत. वाक्य आता सांगायला हरकत नाही. सातच्या गाडीला पाणी दोन नंबरलाच. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, मोजून तीस अक्षरं.

"हे वाक्य जगात माझ्याशिवाय कुणी म्हणलं न्हाय," ते म्हणाले, "आन् म्हणणार बी न्हाय. सातची गाडी बी गेली आन् पाणी बी. लिहायचं न्हाय गुरुजी. बदलायचं न्हाय. आन् गोळा कुणाला द्यायचा न्हाय."

"मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर सांगायलो."

दोन दिवस मी नीट हजेरी लावली. तिसऱ्या दिवशी खेळ अपडेट झाला आणि त्यानं पासवर्ड मागितला. वाक्य मला पाठ होतं. पण माझी बोटं जाड आहेत. तीस अक्षरांत एक चुकायचं आणि कुठलं चुकलं ते दिसायचं नाही, नुसत्या टिंबांची रांग. पाचव्यांदा चुकल्यावर खाली ओळ आली, पासवर्ड विसरलात का? मी विसरलो नव्हतो. पण कंटाळलो होतो. मी हो म्हणालो. फोनवर सहा आकडी नंबर आला, तो घातला आणि नवा पासवर्ड टाकला. रामलिंग एक दोन तीन. ते परत आले की पुन्हा त्यांचं वाक्य घालू, असं ठरवलं.

चार दिवसांनी, सकाळी अकराची पॅसेंजर गेल्यावर, खेळात एक मेसेज आला. लिहिणाऱ्याच्या नावापुढं खेळाच्या कंपनीचं बोधचिन्ह होतं. तुमची लाईन आम्हाला फार आवडली, जुना डबा तुम्हाला भेट देत आहोत, इथं दाबा. खाली डब्याचं चित्र होतं. तपकिरी, झडपांचा.

मी तेव्हा काय मनात आणलं ते लिहितो. पट्टी निघेल, ते बाकावर येतील, फोन उघडतील आणि फलाटाला तो डबा लागलेला असेल. ते विचारतील, हा कसा आला? मी म्हणेन, आला. चार वर्षांत त्यांना जे जमलं नाही ते मला आठवड्यात जमलं, हेही त्या आनंदात थोडं होतं. फार नाही, पण होतं.

मी दाबलं. पासवर्ड मागितला, दिला. फोनवर सहा आकडी नंबर आला. त्याच्याबरोबर इंग्रजीत वाक्य होतं, हा नंबर कुणालाही सांगू नये. मला इंग्रजी येतं. मी ते वाचलं. ते इतर लोकांसाठी आहे असं मला वाटलं. मी नंबर दिला.

अर्ध्या तासात खेळानं मला बाहेर काढलं. खात्याचा फोन नंबरही बदलला होता, त्यामुळं पासवर्ड विसरलो म्हटलं तरी गोळा आता दुसऱ्याच्याच फोनवर जात होता. मग मी माझ्या फोनवर खेळ घेतला आणि परक्या माणसासारखा त्यांच्या लाईनवर गेलो. तिसऱ्या दिवशी इंजिनं विकलेली होती. पाचव्या दिवशी स्टेशनांची नावं बदलली. मग रूळ गेले. छोटी लाईन दुसऱ्यांदा उखडली आणि या वेळी शेजारी मी उभा होतो.

सतरा दिवसांनी ते बाकावर आले. काळा चष्मा, हातात काठी, मजेत. "लाईन क्लिअर?" त्यांनी विचारलं. मी फोन दिला. त्यांनी वाक्य टाईप केलं. चुकला म्हणून आलं. पुन्हा केलं, सावकाश. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला.

"गुरुजी, तुम्ही काय बदललं का?"

समोर हॉटेलवाला उभा होता, दोन कप घेऊन. ज्याला मी अडाणी म्हणालो होतो तो. त्यानं हीच चूक पुड्याच्या कागदावर लिहून दिली होती. मला त्याच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. मी पुष्कळ दिवस दुसरं शोधलं, सापडलं नाही.

"मी कशाला बदलू?" मी म्हणालो. "तुम्हीच बदलला होता की. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. इथंच म्हणालात मला, आता नवा टाकलाय."

"मी?"

"व्हय, तुम्हीच. आठवत नाही का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता पकडतील. पण ते माझा चेहरा वाचत नव्हते. माझ्या तोंडात स्वतःचं बोलणं शोधत होते. आपला हात आपल्याला फसवतो, असं मानणारा माणूस. त्यांनी कुलूप ओढायला माझ्याकडं दिलं होतं आणि मी लागलंय म्हणालो.

"मला आठवत न्हाय," ते म्हणाले. हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकले नव्हते.

हॉटेलवाल्यानं चांगला मार्ग सांगितला होता. "काका, खेळाच्या कंपनीला मेल करू. खातं परत मिळतंय कधी कधी. फक्त पासवर्ड शेवटचा कधी बदलला, कुणी बदलला, एवढं नीट सांगावं लागतंय."

"कशाला त्यांना त्रास देता," मी म्हणालो, "आत्ताच डोळे झालेत."

त्यांनी स्वतःच स्वतःवर कारवाई केली. त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी सूनबाईंच्या हातात दाराची किल्ली ठेवली, बँकेचं कार्ड ठेवलं आणि गॅसपाशी जाणार नाही असं सांगितलं. सूनबाई घाबरून माझ्याकडं आल्या. "मामा म्हणायलेत, नजर गेली की माणसाला सांध्यावरून काढतेत, माझं तर डोकं गेलंय, माझ्यावर गाडी सोडू नका. खरंच विसरले का हो ते?" मी म्हणालो, वय झालं की होतं असं. डॉक्टरला दाखवलं. वार, महिना, शंभरातून सात वजा, सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. पण पेशंट स्वतःच म्हणतोय म्हटल्यावर औषधं सुरू झाली. ती घेतली की ते पेंगत.

फलाटावरचं सकाळचं चालणं बंद झालं. बाकावर सूनबाई हात धरून आणायच्या. हॉटेलवाला बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं विचारायचा, "काका, वळखलं का मला?"

"वळखलं. रामलिंग एक दोन तीन."

हॉटेलवाला आमच्याकडं बघून हळहळायचा. बघा, कसलंही बोलायलेत.

दीड वर्षानंतर मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते, सूनबाई खाली शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. पासवर्ड मी बदलला, नंबर मी दिला, आणि तुम्ही बदलला हे खोटं सांगितलं.

सांधेवाले ताठ बसले. "वेळ?"

"अकराची पॅसेंजर गेल्यावर."

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. डब्याचंही.

"कुणी केलं?"

"मी."

"म्हंजे मी न्हाय."

"तुम्ही नाही."

त्यांनी पाय खाली सोडले. "सूनबाई, किल्ली आणा माझी."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "लई मोठं मन तुमचं गुरुजी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बी म्हणले होते, त्यांना उभारी द्या. पण आपल्या अंगावर कोण घेतंय एवढं? मामा, बसा की तुम्ही, किल्ली कशाला आता?"

"अहो, खरंच..." मी म्हणालो.

"बरं बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चांगल्या कपांत चहा आला. बशीत बिस्किटं आली. मी दोन खाल्ली.

सांधेवाल्यांनी कपाला हात लावला नाही. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळू म्हणाले, "तोंडी चालत न्हाय गुरुजी. लेखी द्या. लेखी दिलं की ती मानंल."

"उद्या देतो," मी म्हणालो.

मी घरी आलो आणि लिहायला बसलो. पहिला मसुदा होता, माझ्या हातून अनवधानाने एक दुर्दैवी चूक घडली. तो मी फाडला. दुसरा दोन पानी झाला, त्यात मैत्रीवर एक परिच्छेद होता. तिसऱ्यात डोळ्यांचे विकार आणि उतारवय यांवर बरंच काही होतं. मुलांना निबंधात विशेषणं वापरा असं सांगण्यात माझी नोकरी गेली होती. दर वेळी मी सही करायच्या जागी येऊन थांबायचो. मनात यायचं, हा कागद हॉटेलवाल्याच्या हाती पडेल, त्यांच्या मुलाच्या हाती पडेल. मग कागद फाडायचो. असे अकरा महिने गेले.

त्या अकरा महिन्यांत ते बाकावर भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं असे. "गुरुजी, माझा कागद?"

"कसला कागद मामा?" सूनबाई विचारत आणि माझ्याकडं बघत. बघा, कसं झालंय यांचं, अशा अर्थानं.

मीही त्यांच्याकडं तसंच बघायचो.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आदल्या दिवशीही त्यांनी कागद मागितला होता. किल्ली त्यांना परत मिळाली नव्हती.

ते गेल्यावर महिनाभरानं मी लिहिलं. एका बैठकीत झालं, पंधरा मिनिटं लागली.

वेळ: सकाळी अकराची पॅसेंजर गेल्यावर. काय झालं: त्याआधी चार दिवस सांधेवाल्यांच्या खेळाच्या खात्याचा पासवर्ड बदलला गेला, अकराच्या गाडीनंतर फोनवर आलेला नंबर परक्याला दिला गेला, खातं गेलं. कुणी केलं: मी.

वेळ: त्यानंतर सतरा दिवसांनी, संध्याकाळी, स्टेशनचा बाक. काय झालं: पासवर्ड त्यांनीच बदलला आणि ते विसरले, असं सांगितलं गेलं. कुणी केलं: मी.

वेळ: पुढचं दीड वर्ष आणि त्यानंतरचे अकरा महिने. काय झालं: हा कागद दिला गेला नाही. कुणी केलं: मी.

सांधेवाल्यांना सगळं आठवत होतं.

खाली सही केली. विशेषण राहिलं नाही ना, ते दोनदा तपासलं.

एक प्रत हॉटेलवाल्याला दिली. त्यानं वाचली, घडी घालून गल्ल्यात ठेवली आणि म्हणाला, "काका म्हणायचे, लिहून दिलं की संपलं." चहा दिला. पण बाकावर अजून जुनीच गोष्ट चालते, नवी माणसं येतात, त्यांना तीच सांगितली जाते. म्हणून हे सगळं इथं लिहावं लागलं.

दुसरी प्रत घेऊन सूनबाईंकडं गेलो. त्या बाहेर निघायच्या तयारीत होत्या, दारातच उभ्या होत्या. त्यांनी कागद उभ्यानं वाचला. मग परत पहिल्या ओळीपासून वाचला.

"औषधं मी द्यायची त्यांना," त्या म्हणाल्या. "नको म्हणायचे. मी धरून द्यायची."

त्यांनी कागद पिशवीत ठेवला, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. किल्ली काढली, पण जागच्या हलल्या नाहीत. मी शेजारीच होतो. मला वाटलं, आता म्हणतील, आणि मी हात पुढं केला.

रस्त्यानं डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई येत होती. सूनबाई ती जवळ येईपर्यंत थांबल्या.

"जरा ओढून बघा," त्या तिला म्हणाल्या.